करपा आल्यावर ट्रायकोडर्मा

‘टोमॅटोवरच्या मित्रबुरशीबद्दल सोपं लिहा,’ असं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या डोक्यात शाहूवाडीतल्या मलकापूरचा एक प्लॉट घोळत होता. परतीचा पाऊस लांबला, मागोमाग आंबा घाटाकडून धुकं उतरलं आणि बघता बघता पानं उकडल्यासारखी काळी पडली. शेतकऱ्यानं तातडीनं ट्रायकोडर्मा फवारला. प्लॉट गेलाच. आता वाडीभर एकच बोलणं, ट्रायकोडर्मात दम नाही.

हे ऐकून जीव तुटतो. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. वाढायला तिला ओल, शेणखत आणि वेळ लागतो. १९३२ मध्ये संशोधक वाइन्डलिंग यांनी दाखवलं, की ती रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीवर जगते. ती शत्रूच्या तंतूंना विळखा घालते, कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरं सोडते आणि त्याची पेशीभित्तिका विरघळवते. पण त्या प्लॉटवर आला तो, उशिरा येणारा करपा ज्याच्यामुळे होतो तो फायटोप्थोरा खरी बुरशीच नव्हे. त्याच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोज, कायटिन जवळजवळ नाहीच. कायटिनेजचं हत्यार तिथं बोथट पडतं. थंड, ओल्या रात्री त्याचे पोहणारे बीजाणू पानावरच्या पाण्यात सुटतात आणि काही तासांत आत शिरतात. आत शिरलेल्याला वरून फवारलेली बुरशी गाठणार कशी?

आमच्या क्षेत्रातला जुना वाद इथंच येतो. ट्रायकोडर्मा रोगाला खातो, की झाडाला सावध करतो? विळख्याचे फोटो देखणे असतात, त्यामुळे पहिलं उत्तर पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. मी दुसऱ्या बाजूचा. इस्रायलच्या यिगाल एलाड यांनी ट्रायकोडर्माचा टी-३९ हा वाण करड्या बुरशीवर, म्हणजे बोट्रायटिसवर, वर्षानुवर्षं अभ्यासला. बेल्जियममधल्या सहकाऱ्यांसोबतचे त्यांचे १९९८ चे प्रयोग मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावतो. टी-३९ एका जागी दिला, रोग दुसऱ्या जागी सोडला, दोघांची गाठ पडू दिली नाही. तरी टोमॅटो, घेवडा, तंबाखू अशा पिकांवर रोग घटला. खाणं शक्यच नव्हतं, म्हणजे झाडाचीच प्रतिकारशक्ती जागी झाली होती. आणि ती जागी व्हायची तर बुरशी रोगाच्या आधी मुळाशी पोचलेली हवी. म्हणून या वादाला मी एवढं धरून बसतो. ट्रायकोडर्मा देण्याचं वेळापत्रक त्यावरच ठरतं.

फोन मात्र डाग दिसल्यावर येतो, ‘साहेब, आता काय मारू?’ त्यातच कुणीतरी ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक एकाच पंपात टाकायला सांगितलेलं असतं. कार्बेन्डाझिम या बुरशीला मारतं, हे किती वेळा सांगायचं? ट्रायकोडर्माच्या पाकिटाला ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणूंचं मानक आहे, पण तेच पाकीट पत्र्याखाली उन्हाळाभर तापलं तर त्यातलं जिवंत काय उरणार?

रोपवाटिकेत मी ट्रायकोडर्माची खात्रीनं बाजू घेतो. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम चोळा, लागणीआधी ओलसर, कुजलेल्या शेणखतात वाढवून सरीत द्या. रोपं कोलमडणं कमी होतं. पण शाहूवाडीच्या धुक्यात उशिरा येणाऱ्या करप्यापुढं प्लॉट एकट्या ट्रायकोडर्माच्या भरवशावर सोडा, असं मी आजही सांगत नाही. ढग दाटून धुकं धरायला लागलं, की डाग दिसायची वाट न बघता मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची फवारणी घ्या आणि ट्रायकोडर्मा मुळाशी राहू द्या.