ट काढला तर

‘तीन अक्षरी गाव. पहिले अक्षर काढले तर मैत्रीण, मधले काढले तर कुंपण, शेवटचे काढले तर इथेच राहा म्हणते. ओळखा पाहू!’

उत्तर वसई. सई, वई आणि वस. वसई तालुक्यातल्या वाचकांनी हे कोडे लहानपणी कुठेतरी ऐकलेच असेल. मला ते अब्बांनी घातले. आम्ही एस.टी.ने वटारला दादीकडे निघालो होतो. मी खिडकीशी, आणि जी पाटी दिसेल तिची मोडतोड चालू.

खेळाचा नियम एकच. अक्षर काढायचे ते काना-मात्रेसकट. उरेल त्याला अर्थ हवा, नाहीतर गुण नाही. आगाशीतली ‘शी’ काढली की आगा राहतो, यावर आम्ही भावंडे पोट धरून हसायचो. पापडीतली ‘डी’ काढली की काय उरते ते पापडीच्या पाहुण्यांसमोर बोलायचे नाही, असा अम्मीचा हुकूम होता. निर्मळ अब्बांचे लाडके. ‘नि’ काढ, रफार पूस, की मळ! ‘एवढ्याशा रफारावर गावाची अब्रू टिकून आहे बघ,’ ते म्हणायचे.

पण सगळ्यात श्रीमंत गाव सोपारा. पारा, सोरा, सोपा, तिन्ही शब्द खणखणीत. (सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तो, सोपा म्हणजे सोपा, शिवाय घराची ओसरीही.) गाव नावासारखेच आतून भरलेले. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. अरब प्रवाशांनी या बंदराला सुबारा म्हटले. अरबीत ‘प’ नाही, त्यांनी ‘ब’ वर भागवले. वसईचेही तेच. 1534 ते 1739 ती पोर्तुगीजांकडे होती, त्यांनी ‘बसाईं’ केले, पुढे इंग्रजांनी बसीन. ज्याच्या जिभेला जे जमले, ते त्याने ठेवले.

अब्बा उर्दू शाळेत शिकलेले. ते म्हणायचे, तुमच्या मराठीत अक्षर काढावे लागते, आमच्याकडे नुसता नुक्ता हलवला तरी भागते. ‘खुदा’ मधला वरचा नुक्ता खाली उतरवला की झाले ‘जुदा’. हे सांगताना ते हवेत बोटाने ठिपका द्यायचे, आणि मला तो खरेच दिसायचा.

वटार मात्र कंजूष गाव. पहिले काढा, शेवटचे काढा, हाती काही नाही. फक्त मधला ‘टा’ काढला तर वर उरतो, आणि नियम मोडून नुसता ‘ट’ काढला, काना ठेवला, तर वार. अब्बांचा जन्म तिथला. दादा वाड्यांमधून केळी घ्यायचे आणि बाजाराला न्यायचे. आपल्या गावाचे कोडे नीट होत नाही याचे अब्बांना खरोखर वाईट वाटायचे.

2020 चा जानेवारी आठवतोय? नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर मोर्चे चालले होते आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत पलंगाखालच्या ट्रंका बाहेर आल्या होत्या. आमचीही आली. अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला मी उलगडला. जन्मस्थळ: वार, ता. वसई.

मी हसलो. कोडे सुटल्यासारखे हसलो. अब्बा हसले नाहीत.

‘वार नावाचे गाव नाही,’ ते म्हणाले. ‘म्हणजे मी कुठे जन्मलो?’

दाखला दुय्यम प्रत होती, कुणा कारकुनाने नकलताना अक्षर गाळलेले. पण खिडकीवरच्या माणसाने कागद उलटसुलट पाहून विचारले, ‘मग वार कुठला?’ मागच्या रांगेत कुणीतरी हसले. त्याला विनोद करायचा नसावा, पण अब्बांची मान खाली गेली ती मी पाहिली. मूळ रजिस्टर शोधायला सोमवारी या, मग गुरुवारी या, मग पुढच्या सोमवारी. जन्मस्थळी वार आणि आमच्या नशिबी वारी! हे मी तेव्हा मोठ्याने म्हणालो नाही. मार्चमध्ये सगळेच बंद झाले, कागद तिथेच अडकला. त्या महिन्यांत अब्बा रात्री उठून ट्रंक उघडायचे. आत काय आहे ते त्यांना पाठ होते, तरी उघडायचे.

पुढे रजिस्टर सापडले. त्यात ‘वटार’ स्वच्छ होते, शाई जरा फुटलेली, पण ट चांगला ऐटदार. नवा दाखला मिळाला. अब्बांनी त्याच्या सहा झेरॉक्स काढल्या.

गेल्या वर्षी माझी मुलगी त्यांच्याबरोबर त्याच रस्त्याने निघाली होती. मी मागच्या सीटवर. पाटी दिसताच ती ओरडली, ‘दादाजी, वटारमधला ट काढला तर...’

‘तो राहू दे,’ अब्बा म्हणाले. ‘राजोडी घे.’

‘जोडी!’ ती लगेच म्हणाली, आणि पुढची पाटी शोधू लागली.