उलटलेले चिन्ह

गणित जमत नाही म्हणून शाळा सोडू पाहणारा एक मुलगा परवा जपमाळेनंतर वही घेऊन आमच्याकडे आला. असमानता होती ७ − ३क्ष > १. दोन्ही बाजूंतून ७ वजा करता −३क्ष > −६ उरले. पुढे त्याने क्ष < २ लिहिले. आम्ही ते रागाने खोडून क्ष > २ केले.

“फादर, क्ष ३ धरून पाहू?” तो हळूच म्हणाला.

डावी बाजू −२ भरली. ती १ हून मोठी कशी? ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते, हे आम्हीच विसरलो होतो. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि त्याने पुढचे उदाहरण काढले.

प्रिय वाचकहो, लेकरांचे उत्तर खोडण्यापूर्वी ते एकवार पडताळून पाहावे.