३३२ गोलांभोवतीचं सामान

स्टीव्ह ब्लूमर, इंग्लिश फुटबॉलपटू. जन्म २० जानेवारी १८७४, क्रॅडली. मृत्यू १६ एप्रिल १९३८, डर्बी. डर्बी काउंटीकडून ५२५ सामने, ३३२ गोल. इंग्लंडकडून २३ सामने, २८ गोल. आकडे पुस्तकांत जपून ठेवलेत. ज्या वस्तूंनी, नियमांनी आणि रिवाजांनी हे गोल घडवले, ते सगळं मात्र एकेक करत गेलं. त्यांची ही नोंद.

परसातली भट्टी. क्रॅडलीला लागूनच क्रॅडली हीथ, साखळ्या आणि खिळे घडवणाऱ्यांचं गाव. घरामागच्या खोपटात भट्टी असायची आणि तिथं बायकाही हातोडा चालवायच्या. १९१० मध्ये कामगार नेत्या मेरी मॅकार्थर यांच्या पुढाकाराने या बायकांनी किमान मजुरीसाठी संप केला आणि तो जिंकला. ब्लूमरचं कुटुंब त्याआधीच, तो लहान असताना, डर्बीला गेलं होतं. साखळी घडवण्याचं ते खोपट आता संग्रहालयात बघायला मिळतं.

लेचा कारखाना. डर्बीत फ्रान्सिस ले यांचा ओतीव लोखंडाचा मोठा कारखाना होता. पोरवयात ब्लूमर तिथं लोहारकामाला लागला. दिवसभर घण मारायचा आणि मग चेंडू.  कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला.

बेसबॉल ग्राउंड. ले अमेरिकेहून बेसबॉलचं वेड घेऊन आले आणि कामगारांसाठी त्यांनी मैदान केलं. डर्बीच्या बेसबॉल संघाने १८९० च्या दशकात इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं. त्या संघात ब्लूमरही होता. १८९५ मध्ये डर्बी काउंटी या मैदानावर राहायला आली, नाव मात्र बेसबॉलचंच राहिलं. पावसाळी दिवसांत इथला चिखल देशभर प्रसिद्ध. १९९७ मध्ये क्लब तिथून हलला. काही वर्षांत मैदान पाडलं, तिथं घरं झाली.

शनिवारची अर्धी सुटी. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका-मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबलं. पुढे ती सवलत बाकीच्या कामगारांपर्यंत पोहोचली. शनिवारी दुपारी तीनचा सामना त्यातूनच रूढ झाला. भोंगा वाजला की कामाच्या कपड्यांतच माणसं मैदानाकडे निघायची. आता सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात. तीनचे सामने आहेत, पण सगळ्या गावाने एकाच वेळी मोकळं होणं संपलं.

चामड्याचा चेंडू. चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला. आत रबरी ब्लॅडर. एका बाजूला चीर ठेवलेली. तिथून ब्लॅडर आत सरकवायचा, फुगवायचा, तोंड बांधून आत दडपायचं आणि चीर चामड्याच्या वादीने करकचून आवळायची. ती वादी वर उंचवटा करून बसे. हेडर मारताना वादी कपाळावर आली की कातडी सोलून निघे. सामन्याच्या सुरुवातीचं वजन नियमाने ठरलेलं होतं, पण पाऊस लागला की चामडं पाणी प्यायचं आणि उत्तरार्धात चेंडू पायाला दगडासारखा लागायचा. असा चेंडू उंच मारण्यात अर्थ नव्हता. ब्लूमर जमिनीलगत मारायचा, कुठल्याही पायाने, चेंडू न थांबवता.

घोट्यावरचे बूट. जाड चामडं, कडक चवडा, तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे गुटके. झिजले की घरी हातोडी घेऊन नवे ठोकायचे. ब्लूमर अंगाने किरकोळ, चेहरा कायम फिकट. असा माणूस हे बूट घालून चिखलात दीड तास पळायचा, आणि ते त्याने चाळिशीपर्यंत केलं.

इनसाइड राइट. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच, अशी मांडणी. पुढच्या पाचांत मधल्याच्या उजव्या हाताला इनसाइड राइट. ही ब्लूमरची जागा. १८९२ मध्ये तो डर्बीच्या संघात आला तेव्हा जॉन गुडॉल तिथं होता. १८८९ चा अजिंक्य प्रेस्टन संघ गाजवून आलेल्या गुडॉलने या पोराला जवळ करून शिकवलं. पाच जणांची ती फळी आज कुठलाही संघ मांडत नाही.

तिघांचा ऑफसाइड. या यादीतली सर्वांत मोलाची नोंद हीच. १९२५ पर्यंत नियम असा होता: पुढे पास दिला जाताना तो घेणारा आणि गोलरेषा यांच्यात प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन जण हवेत. आज दोन पुरतात. १९०७ पर्यंत तर स्वतःच्या अर्ध्या मैदानातही ऑफसाइड लागायचा. एक बचावपटू नुसता चार पावलं पुढे सरकला की अख्खी आघाडी अडकायची. मोकळ्या जागेत आधी जाऊन उभं राहण्याची सोयच नव्हती. चेंडू सुटता सुटता धावायचं आणि बचावपटू वळायच्या आत मारायचं, एवढाच मार्ग. ब्लूमर पहिल्याच स्पर्शात फटका मारायचा, त्यामागे हा नियम होता.

मध्यरेषेपर्यंतचे हात. १९१२ पर्यंत गोलरक्षकाला स्वतःच्या संपूर्ण अर्ध्या मैदानात चेंडू हाताळता यायचा. आणि चेंडू त्याच्या हातात असताना त्याला खांद्याने धडक देणंही नियमात बसायचं.

चार पौंड. १९०१ पासून इंग्लिश लीगमध्ये कुणालाही आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे. गोल करणाऱ्या देशातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूलाही तेवढेच. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात राही. १९०६ मध्ये डर्बीने ब्लूमरला मिडल्सब्रोला ७५० पौंडांना विकलं, आणि गाव दुखावलं. १९१० मध्ये तो परत आला. पगाराची मर्यादा १९६१ मध्ये गेली. नोंदणीची बेडी १९६३ मध्ये फुटबॉलपटू जॉर्ज ईस्टमच्या खटल्यातल्या निकालाने सैल झाली.

चौघांची स्पर्धा. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड. १८८४ ते १९८४, बरोबर शंभर वर्षं. ब्लूमरचे २८ च्या २८ गोल या स्पर्धेतले, त्यातले पाच १८९६ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध एकाच सामन्यात. इंग्लंड परदेशी संघांशी खेळू लागलं तेव्हा त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपलेली होती.

शनिवार संध्याकाळचा पेपर. सामना सुटल्यावर तासाभरात हिरव्या किंवा गुलाबी कागदावर छापलेला अंक रस्त्यावर यायचा. माणसं तो घेऊनच पबमध्ये शिरायची. शेफील्डचा हिरवा अंक १९०७ मध्ये सुरू झाला आणि २०१३ मध्ये थांबला.

रूलेबेनची लीग. १९१४ च्या उन्हाळ्यात ब्लूमर प्रशिक्षक म्हणून बर्लिनला गेला. काही आठवड्यांत युद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या ब्रिटिश पुरुषांना रूलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर डांबलं. राहायला तबेले. चार हजारांहून जास्त माणसं, त्यांत पुढे न्यूट्रॉन शोधणारा जेम्स चॅडविक, आणि इंग्लंडकडून खेळलेले काही फुटबॉलपटू. त्यांनी फुटबॉल संघटना काढली, बराकींचे संघ केले, चषक ठेवला. बंदिवासाला, उपासमारीला या माणसांनी असं उत्तर दिलं याचा मला फार आदर वाटतो. ब्लूमरला १९१८ मध्ये हॉलंडला जाऊ दिलं.

इंग्लिश गुरू. एकेकाळी युरोपातले क्लब खेळ शिकायला इंग्लंडहून माणूस बोलवत. ब्लूमर स्पेनमध्ये इरूनला गेला. त्याच्या हाताखाली तिथल्या रेआल युनियनने १९२४ च्या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला १–० हरवलं. आज इंग्लंडचे क्लबच प्रशिक्षक स्पेनमधून आणतात.

यादीतल्या सगळ्याच गोष्टींसाठी हळहळ नको. चार पौंडांची मर्यादा अन्यायाची होती. चेंडूचंही तेच. २००२ मध्ये माजी फुटबॉलपटू जेफ अ‍ॅसल यांच्या मृत्यूची चौकशी झाली तेव्हा जड चेंडू वर्षानुवर्षं डोक्याने मारल्याने मेंदूला इजा झाल्याचा निर्वाळा मिळाला. या दोन्ही गोष्टी आणखी आधी जायला हव्या होत्या.

हळहळ वाटते ती शिकवणाऱ्या गुडॉलसारख्यांच्या जागेसाठी आणि एकदम मोकळ्या होणाऱ्या गावासाठी.

ब्लूमरचा ३५२ लीग गोलांचा विक्रम डिक्सी डीनने १९३६ मध्ये मागे टाकला. डर्बीकडून केलेल्या ३३२ गोलांना आजवर कुणी गाठलेलं नाही, आणि क्लबच्या घरच्या सामन्यांआधी त्याच्या नावाचं गाणं वाजतं. पण जुन्या काळी गोल करणं सोपं होतं असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. म्हणणाऱ्याने आधी तीन जणांचा ऑफसाइड, पाणी प्यायलेला चेंडू आणि दोन्ही हात मोकळे असलेला गोलरक्षक हिशोबात धरावा. मग २३ सामन्यांत २८ ही कामगिरी कोणत्याही काळातल्या कामगिरीशेजारी बिनधास्त ठेवावी.