वाकलेली पाठ, उघडा तळहात

चपलेचा निसटलेला अंगठा सरळ करायला कुणी रस्त्यात वाकतं आणि समोरचं कुत्रं शेपूट पायांत घालून धूम पळतं. त्या माणसाच्या हातात दगड नसतो, मनातही नसतो. पण पाठ वाकली की पुढे काय येतं, हे कुत्र्याने अनुभवातून शिकलेलं असतं. तोच माणूस उकिडवा बसून, तळहात उघडा ठेवून ‘यू यू’ म्हणाला, तर तेच कुत्रं कान मागे पाडून, कंबर हलवत, थांबत थांबत का होईना, जवळ येतं. ‘यू यू’, ‘हाड्’, ‘छू’. मराठी माणसाचा गल्लीतल्या कुत्र्याशी एवढाच शब्दव्यवहार. बाकी सगळं बोलणं हातापायांचं आणि आवाजाच्या चढउताराचं.

ब्रायन हेअर अमेरिकेत अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात शिकत होता, तेव्हाची गोष्ट. त्याचे गुरू मायकेल टोमासेलो म्हणत, की कुणी बोट दाखवलं तर ते आपल्या मदतीसाठी आहे, हे माणसाच्या लेकराला उमगतं, चिंपांझीला नाही. हेअरला मात्र वाटलं, की हे आपल्या कुत्र्यालाही कळतं. त्याने घरच्या गॅरेजमध्ये ओरिओ नावाच्या आपल्या लॅब्रेडॉरची परीक्षा घेतली. ओरिओ बोटामागे अचूक गेला. तिथून सुरू झालेल्या कामातून २००२ मध्ये दिसलं, की या बाबतीत कुत्री चिंपांझींच्याही पुढे आहेत आणि पिल्लांनाही हे जमतं.

लांडग्यांचं वेगळं. बुडापेस्टमधल्या आडाम मिक्लोशी यांच्या गटाने माणसांच्या हातांवर वाढलेल्या लांडग्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे न सुटणारं काम ठेवलं. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी थोडा प्रयत्न केला आणि मान वळवून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात बसून बरणीकडे आणि मग घरच्या बाईकडे आळीपाळीने पाहणारं कुत्रं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना त्या नजरेचा अर्थ वेगळा सांगायला नको. ती आर्जवी नजर शरीरातही उतरली आहे: भुवईची आतली कड वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक असतो, लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच.

बुडापेस्टलाच कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवलं गेलं. २०१६ च्या त्या प्रयोगात मेंदूतला आनंदाचा भाग उजळला, तो कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला तेव्हा. नुसता शब्द किंवा नुसता लाडिक सूर पुरला नाही.

पण ओरिओ काय किंवा यंत्रात शहाण्यासारखी पडून राहणारी ती कुत्री काय, सगळी घरची, शिकवलेली, पोटभर जेवणारी. ज्याला ना पट्टा ना मालक, त्याचं काय? हा प्रश्न भारतातच विचारला जायला हवा होता, आणि तो विचारला कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी प्रयोगशाळेत कुत्री आणली नाहीत. ते स्वतःच रस्त्यावर गेले. वेगवेगळ्या शहरांत एकटी सापडलेली १६० प्रौढ भटकी कुत्री. समोर झाकलेली दोन भांडी, आणि त्यांतल्या एकाकडे बोट दाखवणारा अनोळखी माणूस. कुणी कधी काही शिकवलं नव्हतं, तरी भांड्यांपाशी आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री बोटाच्या दिशेने गेली. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उकिरड्यावर वाढलेलं ते कुत्रं अडाणी नाही. ते रोज आपल्याला वाचत असतं.

त्याच प्रयोगातली दुसरी नोंद मात्र मनाला लागते. जवळपास निम्मी कुत्री कुठल्याच भांड्यापाशी आली नाहीत. ती बिचकलेली होती. माणसांचा वाईट अनुभव त्यांच्या गाठीशी असावा, असं संशोधकांना वाटलं.

तसं एखादं कुत्रं तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्यासमोर वाकायची वेळ आली, तर हात सावकाश हलवा, अंतर राखा, आणि जवळ यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या.