भिंतीवरचे दादासाहेब

हे गेल्यावर लेक मला नाशिकहून वांद्र्याला घेऊन आली. 2015 चा जानेवारी. दिवसभर घरात एकटी बसून काय करणार? मग रोज पायीच निघू लागले. मुंबईत चालायला आधी फूटपाथ शोधावा लागतो, पण असो!

चॅपल रोडवर जुनी कौलारू घरं, लाकडी जिने आणि भिंतीभिंतीवर चित्रं. एके ठिकाणी चक्क 1953 च्या सिनेमातली 'अनारकली'! बीना रॉय ह्यांची भारी आवडती. सवयीने बाजूला वळून "अहो, बघा तरी" म्हणाले...

तिथल्या एका मुलाने सांगितलं, हे रणजित दहियांचं काम, रेक्लमेशनला त्यांनीच फाळके काढलेत. तशीच गेले. एमटीएनएलच्या उंच इमारतीवर भिंतभर दादासाहेब! आमच्या त्र्यंबकेश्वरचे. मान दुखेपर्यंत पाहत राहिले.

एक मात्र राहून राहून वाटलं. 'राजा हरिश्चंद्र'साठी अंगावरचे दागिने दिले सरस्वतीबाईंनी. सगळ्या मंडळींना रांधून वाढलं त्यांनी. शिवाय रात्री बसून फिल्मला भोकं पाडायची, तीही त्यांनीच. मग कोपऱ्यात का होईना, त्या नकोत का?

रात्री नातीला हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या भिंतीवर खडूने काढलेल्या सरस्वतीबाई हजर! नऊवारी झकास जमली होती. चष्मा आणि हनुवटी मात्र माझी होती.