भीमा लोभी होता काय?

मागल्या रविवारी हिंगोलीच्या आमच्या पत्र्याच्या घरात धाकटी पोर अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घेऊन बसली होती. अकरावीत आहे ती. वहीत तिनं लिहिलं होतं, ‘भीमा धाडसी पण लोभी होता.’

कथा पुष्कळांना ठाऊक असेल. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईजवळच्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. राखेच्या ढिगात त्याला सोन्याची अंगठी सापडते. मग तो मुडद्यांची राख चाळू लागतो, पुढं मढीही उकरतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून प्रेताच्या तोंडात हात घालतो. जबड्यात बोटं अडकतात आणि ती कायमची जातात. त्यानंतर लगेच कळतं, खाण पुन्हा सुरू झाली! तो धिप्पाड गडी लेकरासारखा रडतो.

मी कथा मोठ्यानं वाचली. माझी माय शाळेत गेलेली नाही. सारं ऐकून ती म्हणाली, “लोभी असता तर खाण सुरू झाली म्हणून रडला असता का गं?”

मी गप्पच झाले. बाबा खडी फोडायला जायचे. एका साली काम बंद पडलं. एका रात्री ते ज्वारीची चार कणसं घोंगडीत लपवून आणताना सापडले. शाळेत पोरी मला चोराची पोर म्हणाल्या. महिनाभर मी बाबांशी बोलले नाही. चूल किती दिवस थंड होती, हे काही मी विचारलं नाही. पुढं काम सुरू झालं, बाबांनी पुन्हा हातोडा उचलला. आज ते नाहीत.

बायांनो, गोष्टीतला माणूस काय करतो, एवढंच पाहून त्याला नाव ठेवू नका. त्याआधी काय घडलं आणि शेवटी तो कशासाठी रडतो, तेही पाहा. खाण भीमानं बंद केली नव्हती, सुरूही त्यानं केली नाही. बोटं मात्र त्याची गेली. शाळा जवळजवळ न पाहिलेल्या अण्णाभाऊंनी, ज्यांच्या हस्ते 1958 साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं, हे दुखणं नेमकं ओळखलं होतं.

पोरीनं ‘लोभी’ शब्द खोडला. “मग काय लिहू, आजी?”

माय म्हणाली, “लिही, त्याला काम पाहिजे होतं.”

मार्क कमी पडले तर पडोत. बाबांना मात्र उशिरा का होईना, न्याय मिळाला.