रक्तातले लोखंड

गेल्या वर्षी नागपंचमीच्या सुमारास आमच्या आबांचे फिरणे थांबले. वय ऐंशीच्या घरात, हृदयाचा जुना आजार. रक्त ढकलण्याची हृदयाची ताकद कमी झालेली. गोळ्या वेळेवर, मीठ बेताचे, तरीही मारुतीच्या पारापर्यंत जाताना दोनदा बसावे लागे. मी म्हणालो, "आबा, वय झालं आता." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवरच बसू लागले.

दसऱ्यानंतर त्यांना बीदरला नेले. कागद पाहून तरुण डॉक्टर म्हणाले, "रक्तदल्ली कब्बिण कडिमे इदे." रक्तात लोखंड कमी आहे. 1956 साली उदगीर पलीकडे गेले, आमचा औराद तालुका इकडे राहिला. तेव्हापासूनचे कन्नड आबांच्या कानात मुरलेले. लगेच म्हणाले, "मग लोहाराकडं जाऊ का?"

मी अडवले, "पण हिमोग्लोबिन तर साडेबारा आहे!" डॉक्टरांनी समजावले, हिमोग्लोबिन म्हणजे हातातला पैसा, फेरिटिन म्हणजे कणगीतले धान्य. कणगी तळाला गेली तरी काही दिवस हाती पैसा दिसतो. लोह केवळ रक्तालाच लागते असे नाही. हृदयाच्या स्नायूलाही शक्ती निर्माण करायला ते हवे. अशा जुन्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत ते कमी असते, आणि ज्यांच्यात कमी, ते कमी जगतात असे दिसून आले आहे.

घरी पालक, गूळ, खारीक चालूच होते. मग कमी का? दीर्घ आजारात शरीरात हेपसिडिन नावाचे द्रव्य वाढते आणि आतड्यातून लोहाला आत येऊ देत नाही. म्हणून गोळ्यांचा उपयोग थोडा. 2017 च्या एका चाचणीत गोळ्यांनी रुग्णांची श्रम करण्याची ताकद वाढली नाही. उलट 2009 च्या चाचणीत 459 रुग्ण होते; शिरेतून लोह दिलेल्यांपैकी 50 टक्क्यांना बरेच बरे वाटले, नुसते सलाइन दिलेल्यांपैकी 28 टक्क्यांना. मात्र त्याने आयुष्य नक्की वाढते, असे 2023 च्या तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीतूनही ठामपणे सिद्ध झाले नाही. डॉक्टरांनी हेही लपवले नाही.

आबांना शिरेतून लोह दिले. संक्रांतीला ते पारापर्यंत गेले. वाटेत एकदाच बसले. किती वर्षे मिळाली ते मला ठाऊक नाही, पार मिळाला.

तीस वर्षे मी शिक्षकांना सांगत आलो, की पोराला मठ्ठ म्हणण्याआधी त्याला फळा दिसतो का ते तपासा. घरात मात्र वडिलांना न तपासताच शेरा मारून मोकळा झालो. आपल्याही ओसरीवर असे कोणी बसून असेल, तर डॉक्टरांना फेरिटिनचे एकदा विचारा. 'वय झालं' हे नंतरही म्हणता येते.